वाकडा माड

मोडीत आधी रेघ ओढतात,
पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बोरू न उचलता.
अक्षरं मागाहून येतात आणि तिला लोंबकळतात.
सोकरजी म्हणाले, तशीच एक ओढ माझ्या वाडीतून,
विहिरीपासून खाडीपर्यंत.
अलीकडचं वासुदेवाचं, पलीकडचं आनंदाचं.

शके सतराशे त्रेसष्ट, प्लवनाम संवत्सर.
माहीमच्या खाडीवर अजून पूल नव्हता.
वैद्य वांद्र्याहून होडीनं यायचे,
ओहोटी लागली की यायचे नाहीत.
त्या दिवशी ओहोटी होती.

मी लिहीत गेलो.
कोटातली वखार, वरची दोन दालनं, भाडेकरूसकट.
भिकबाळी एक, ती थोरल्यास.
तांब्याची घंगाळी चार, पैकी एक गळकं
(गळकं कोणाचं ते लिहायचं राहिलं,
त्यावरून दोघे भाऊ तीन वर्षं बोलले नाहीत).
माड दोनशे तेरा,
त्यांतले एकेचाळीस माडीसाठी भंडाऱ्याकडे लावलेले.
आणि ठकूस, जिचं कुंकू नवव्या वर्षी गेलं,
अन्नवस्त्र
व मागच्या पडवीत निजायला जागा.

दोनशे तेरा. दोघांत वाटले की एक उरतो.
उरला तो विहिरीजवळचा, वाकडा.
बुंधा वासुदेवाच्या हद्दीत, शेंडा आनंदाच्या.
सावलीचं तर विचारूच नका.

याचं काय लिहू, काका?
जीभ तोवर जड झाली होती. ओठ हलले.
मी कान खाली नेला. काढ्याचा वास आला.
मग मी लिहिलं:
या माडाचा नारळ रात्री पडेल
तो ज्यास ऐकू येईल त्याचा.

मुलगे हसले. म्हाताऱ्याला भ्रम झाला, म्हणाले.
दोघांच्या खोल्या रस्त्याच्या अंगाला.
सहीसाठी बोरू मी त्यांच्या बोटांत दिला
आणि बोटं माझ्या मुठीत धरली.

चौदा वर्षांनी वाडीला गिऱ्हाईक आलं.
शेटला कागद स्वच्छ हवा होता,
आणि कागदात तो माड आडवा.
प्रकरण कोटात गेलं.
दुभाष्यानं ती ओळ तीनदा वाचली, चष्मा पुसला,
चौथ्यांदा वाचली.
साहेब म्हणाला, ऐकल्याला पुरावा काय?

ठकूबाई कोर्टात कशा येणार?
आम्हालाच त्यांच्याकडे पाठवलं, दोन कारकून आणि एक शिपाई.
त्यांनी दार अर्धं लावून आतूनच सांगितलं,
विहिरीत वाकून बघा.

विहिरीच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर हातभर,
चुन्याच्या रेघा.
शेवाळ खरवडून केलेल्या जागेत, ओळीनं, चौदा वर्षांच्या.
आम्ही मोजायला बसलो, ऊन कलेपर्यंत मोजत होतो.
काही रेघांच्या डोक्यावर टिंब होतं.
टिंब कसलं, मी विचारलं.
दाराआडून आवाज आला:
त्या रात्री मला झोप लागली.
नारळ सकाळी दिसला.
तो दादाकडे पाठवून दिला.

शिपायानं उगाच पागोटं नीट केलं.

मग माझी साक्ष.
परमेश्वरास स्मरून सांगा,
मृत्युपत्र करणारा हे शब्द बोलला, ते तुम्ही ऐकले?
पंख्याची दोरी करकरत होती.
आनंदराव माझ्याकडे पाहत होते,
घरी अजून गळकं घंगाळ असलेला माणूस पाहतो तसे.

ऐकले, मी म्हणालो.

वाडी विकली गेली. शेटचं कुंपण तिथे येऊन
वळसा घालतं, विहीर, पडवी आणि एक माड सोडून
पुन्हा सरळ होतं.
नकाशा काढणारा गोरा त्या वळशाला फार वैतागला, म्हणतात.

मी आता सत्तरीत आहे.
डावा कान गेला, काकांच्या ओठांपाशी नेला होता तोच.
नातू विचारतो, खरंच बोलले का हो ते?
मी त्याला सांगतो,
त्या दिवशी ओहोटी होती,
वैद्य आले नव्हते.